हवेचा पडदा

पालोमारच्या दुर्बिणीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेले असते. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर 1948 साली या दुर्बिणीचा उद्घाटन-समारंभ झाला आणि त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे तिच्याहून मोठी दुर्बीण पृथ्वीच्या पाठीवर नव्हती. तिच्या आरशाचा व्यास 200 इंच, म्हणजे सुमारे पाच मीटर आहे. त्या आरशाची काच 1934 साली ओतण्यात आली, कित्येक महिने हळूहळू निवविण्यात आली, आगगाडीने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यात आली. आणि मग घासण्याचे व झिलई देण्याचे काम, मध्यंतरी महायुद्धाने पडलेला खंड धरून, दशकभर चालले. एवढ्या खटाटोपाने सिद्ध झालेल्या आरशाने आकाशातील वस्तू किती स्पष्ट दाखवाव्यात?

याचे गणित प्रकाशाच्या तरंगस्वरूपावरून सहज मांडता येते. अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला. दहा रुपयांचे नाणे साडेपाच किलोमीटर अंतरावरून जेवढा कोन व्यापील तेवढा हा कोन आहे. पाच मीटरच्या आरशाने या विकलेचाही चाळिसावा भाग उलगडून दाखवावा, असे गणित सांगते. म्हणजे पृथ्वीची वक्रता क्षणभर विसरली, तर दिल्लीत उभे राहून जयपुरात शेजारी शेजारी धरलेली दोन नाणी निरनिराळी ओळखता यावीत. प्रत्यक्षात पालोमारच्या छायाचित्रांत ताऱ्याचा ठिपका चांगल्या रात्रीही एक विकलेच्या आसपासच उमटत असे. इतकी स्पष्टता तर बारा-तेरा सेंटिमीटर व्यासाच्या, हौशी माणसाच्या गच्चीवर मावणाऱ्या दुर्बिणीतूनही मिळते. मोठा आरसा व्यर्थ होता असा याचा अर्थ नव्हे. तो प्रकाश पुष्कळ गोळा करतो, म्हणून अत्यंत मंद दीर्घिकाही त्याला दिसल्या. पण त्या दिसल्या त्या मंद आणि पुसट. आरसा निर्दोष होता; दोष त्याच्या डोक्यावर होता.

वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे जसे हलते, लांबते, क्षणात दुभंगते आणि पुन्हा एकत्र येते, तसेच हवेच्या तळाशी बसलेल्या आपल्याला तारे दिसतात. हवेत उष्ण आणि थंड असे लहानमोठे पुंजके सतत मिसळत असतात. त्यांची घनता किंचित निराळी, म्हणून प्रकाशाचा वेगही किंचित निराळा. कोट्यवधी मैल सरळ, सपाट आलेला प्रकाशतरंग शेवटच्या काही किलोमीटरांत सुरकुततो. तारे लुकलुकतात ते यामुळेच. कवींना या लुकलुकण्याचे कौतुक असले, तरी ज्योतिर्विदांना ते कधीच वाटलेले नाही. 1966 साली डेव्हिड फ्रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने या सुरकुत्यांना मोजमाप दिले. सामान्यतः चांगल्या रात्री, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात, तरंगाचा दहा सेंटिमीटरांएवढा तुकडा जवळजवळ सपाट असतो. त्यापलीकडे सुरकुती लागते. आरसा त्याहून कितीही मोठा केला तरी स्पष्टतेत भर पडत नाही, ती एवढ्यासाठी.

ही अडचण न्यूटनला ठाऊक होती. 1704 साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याने लिहून ठेवले आहे की हवेच्या कंपामुळे येणारा हा घोटाळा दुर्बिणीची रचना सुधारून जाणार नाही. उपाय एकच, शांत आणि स्थिर हवा, आणि ती कदाचित उंच पर्वतांच्या शिखरांवर मिळेल. पुढची अडीचशे वर्षे ज्योतिर्विदांनी हा उपदेश अक्षरशः पाळला. 1888 मध्ये कॅलिफोर्नियात हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा सुरू झाली. कायम वस्तीची अशी ती पहिली शिखरस्थ वेधशाळा. त्यानंतर विल्सन पर्वत, पालोमार, चिलीतील ओसाड डोंगर, हवाई बेटांतील ज्वालामुखी, आपल्याकडे लडाखातील हान्ले, असा हा डोंगर चढण्याचा क्रम चालूच राहिला. सूर्याच्या अभ्यासकांनी निराळी युक्ती काढली. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील एका बेटावर आहे, कारण दिवसा जमीन तापते तसे पाणी तापत नाही आणि तलावावरची हवा त्या मानाने शांत राहते. गच्चीवरच्या लहानशा दुर्बिणीतून शनी पाहण्याचा छंद मला पुष्कळ दिवस होता. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला शनीची कडी तव्यावरच्या वाफेतून पाहावी तशी थरथरत, आणि पहाटे चारला तीच कडी कोरून काढल्यासारखी उभी राहत. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीचा तो प्रताप होता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. तोवर मी दुर्बीण विकणाऱ्याला दोष देत होतो.

परंतु डोंगर किती चढणार? हवा अंगावर आहे तोवर पडदा आहेच. तेव्हा पडद्याला भिऊन पळण्याऐवजी त्याच्या सुरकुत्या मोजून त्या उलट्या घातल्या तर? हा विचार नीटपणे मांडणारा पहिला माणूस होरेस बॅबकॉक. तो विल्सन आणि पालोमार या जोड-वेधशाळांत काम करीत होता; सूर्याखेरीज इतर ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र प्रथम मोजणारा तोच. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, वडीलही ज्योतिर्विद, आणि उपकरणे हाताने जुळविण्याची आवड जन्मजात. 1953 च्या ऑक्टोबरात त्याने पॅसिफिक किनाऱ्यावरील ज्योतिर्विद्या-संस्थेच्या नियतकालिकात मोजक्या पानांचा एक लेख लिहिला. जगातील सर्वांत मोठी दुर्बीण ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्यापैकीच एकाने, उद्घाटनाला सहा वर्षे झाली नाहीत तोच, ती आपल्या शक्तीचा जेमतेम अंशच वापरते आहे असे शांतपणे सांगावे, ही गोष्ट मला लेखातील कल्पनेइतकीच मोलाची वाटते.

बॅबकॉकची योजना अशी होती. दुर्बिणीतून येणारा प्रकाश एका लहान आरशावर घ्यावा. या आरशावर तेलाचा पातळ थर द्यावा. इलेक्ट्रॉनांचा झोत त्या थरावर फिरवून जागोजाग कमीअधिक विद्युद्भार ठेवावा, म्हणजे तेलाचा पृष्ठभाग हुकमाप्रमाणे किंचित फुगेल वा दबेल. त्या काळी चित्रपटगृहाच्या पडद्यावर दूरचित्रवाणीची चित्रे टाकण्यासाठी झुरिकमध्ये तयार झालेले ‘आयडोफोर’ नावाचे यंत्र अशाच तेलाच्या थरावर चालत असे. बॅबकॉकने कल्पना तिथून उचलली. शेजारच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश वेगळा काढून तरंगाच्या सुरकुत्या क्षणोक्षणी मोजाव्यात, मोजमाप तत्काळ इलेक्ट्रॉनांच्या झोताकडे पोचवावे, आणि जिथे हवेने तरंग मागे रेटला असेल तिथे तेलाने तेवढीच भरपाई करावी. हवेची सुरकुती सेकंदाच्या शंभराव्या भागात बदलते. म्हणून हे सारे त्याहून जलद व्हावयास हवे. 1957 साली सोव्हिएत रशियात व्लादिमीर लिन्निक यानेही स्वतंत्रपणे अशाच मार्गाचा विचार प्रसिद्ध केला.

तेलाचा आरसा मात्र कधी झाला नाही. 1953 साली इतक्या वेगाने मोजणारी आणि हिशेब करणारी साधने नव्हती. शिवाय बॅबकॉकने स्वतःच एक उणीव नोंदवून ठेवली होती: मोजमापासाठी तेजस्वी तारा लागतो, आणि पाहावयाच्या वस्तूच्या अगदी शेजारी असा तारा फार क्वचित असतो. बॅबकॉक पुढे 1964 ते 1978 पर्यंत त्या वेधशाळांचा संचालक होता. 2003 साली तो वारला. आपली कल्पना प्रत्यक्षात आलेली पाहण्याचे भाग्य त्याला लाभले, परंतु त्यासाठी त्याला तीन-साडेतीन दशके थांबावे लागले. ही मधली दशके कुठे गेली, हाच खरा इतिहास आहे.

ती कल्पना उचलली लष्कराने. अमेरिकेच्या डोक्यावरून रशियाचे उपग्रह जाऊ लागले होते आणि जमिनीवरून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, असे अमेरिकन हवाई दलाला साहजिकच वाटत होते. उपग्रह काय किंवा शनी काय, हवेचा पडदा दोघांनाही सारखाच. 1970 नंतर या कामासाठी पैशाची ददात उरली नाही. मॅसॅच्युसेट्समधील आयटेक या कंपनीत जॉन हार्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973 साली 21 दट्ट्यांचा लवचीक आरसा चालवून दाखविला. वीज दिली की किंचित वाढणाऱ्या स्फटिकसदृश पदार्थाचे हे दट्टे आरशाच्या पाठीला चिकटविलेले असतात आणि त्याला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात पुढेमागे ढकलतात. ॲरिझोनात रोलंड शॅक याने 1900 सालच्या सुमारास योहानेस हार्टमान या जर्मन शास्त्रज्ञाने वापरलेल्या जुन्या परीक्षेत सुधारणा केली: छिद्रांच्या ऐवजी लहान लहान भिंगांची जाळी. प्रत्येक भिंगाखाली ताऱ्याचा एकेक ठिपका पडतो, आणि ठिपका जागेवरून जेवढा सरकला तेवढा त्या ठिकाणी तरंग कललेला आहे असे समजावे. ही युक्ती इतकी सरळ आहे की आज डोळ्यांचे डॉक्टरही तिच्या साह्याने बुबुळाचे दोष मोजतात. 1982 साली हवाई बेटांतील हालेआकाला शिखरावर 1.6 मीटरच्या दुर्बिणीला अशी पुरी यंत्रणा बसली आणि उपग्रहांकडे वळली.

तेजस्वी ताऱ्याची उणीवही त्याच वर्षी दूर होण्याच्या मार्गाला लागली. अमेरिकन संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांचा ‘जेसन’ नावाचा एक गट आहे. त्याच्या 1982 च्या उन्हाळी बैठकीत हा प्रश्न आला आणि प्रिन्स्टनच्या विल्यम हॅपर याने उत्तर सुचविले. जमिनीपासून सुमारे 90 किलोमीटर उंचीवर, जळून गेलेल्या उल्कांच्या अवशेषांतून आलेल्या सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे. पूर्वी आपल्या रस्तोरस्ती दिसणाऱ्या पिवळ्या दिव्यांचा जो रंग, त्याच रंगाचा लेसर झोत तिथे सोडावा. तो थर त्या जागी चमकू लागेल आणि हवा तिथे कृत्रिम तारा उगवेल. याहून कमी उंचीवर, साध्या हवेच्या रेणूंवरून परावर्तित होणाऱ्या लेसर प्रकाशाचाही असाच उपयोग करता येतो. त्याची पहिली परीक्षा रॉबर्ट फ्युगेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील हवाई दलाच्या प्रयोगस्थळी 1983 सालीच घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षणाची महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली होती. जमिनीवरून लेसरचा मारा करावयाचा तर झोतालाही हवेची भरपाई आधीच देऊन सोडावे लागते. मग काय, या विषयावर ‘गुप्त’ असा शिक्का बसला.

शासकीय सेवेत असल्यामुळे या शिक्क्याशी माझा परिचय जुना आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कचेरीत माझ्या नावाने एक गोपनीय लखोटा आला. दुहेरी पाकीट, लाखेची मोहोर, पोच देण्यासाठी स्वतंत्र वही. आत आदल्या आठवड्याच्या वर्तमानपत्राचे कात्रण निघाले. गुप्ततेची गरज नसते असे मला म्हणावयाचे नाही. अनेक कागद झाकलेलेच बरे, हे मी शिकलो आहे. परंतु शिक्का एकदा उमटला की तो कशावर उमटला आहे हे पाहण्याचे काम कोणाचेच उरत नाही. लवचीक आरशाची मूळ कल्पना 1953 पासून छापील होती. ज्या रशियापासून ती झाकावयाची, तिथे लिन्निकने ती 1957 सालीच प्रसिद्ध केली होती. मग गुपित राहिले ते कोणापासून?

ते राहिले ज्योतिर्विदांपासून. 1985 साली रेनो फ्वा आणि आंत्वान लाबेरी या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, अमेरिकेत काय चालले आहे याची गंधवार्ता नसताना, लेसरने कृत्रिम तारा निर्माण करण्याची कल्पना युरोपातील एका उघड नियतकालिकात छापली. गुप्त खोलीत बसलेल्यांनी तो लेख वाचला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. इलिनॉय विद्यापीठातील लेर्ड थॉम्प्सन आणि चेस्टर गार्डनर यांनी हवाई बेटांतील मौना केआ शिखरावरून सोडियमच्या थरात लेसरचा ठिपका उमटवून त्याची हकीकत 1987 मध्ये प्रसिद्ध केली. ज्या प्रयोगाची पूर्वतयारी सरकारी पैशाने एका दाराआड होऊन चुकली होती, तोच प्रयोग दुसऱ्या दाराबाहेर नव्याने मांडला जात होता. आणि आतल्या माणसांना बाहेरच्यांना “तुम्ही बरोबर मार्गावर आहात” एवढेही सांगण्याची मुभा नव्हती.

यातून दार उघडले ते थोड्याशा आतल्या रेट्याने आणि पुष्कळशा बाहेरच्या घटनांनी. ‘जेसन’ गटातील क्लेअर मॅक्स या विदुषीने हे ज्ञान ज्योतिर्विदांना द्यावे असा आग्रह धरला. बर्लिनची भिंत पडली, शीतयुद्ध ओसरले; आणि 1991 च्या मे महिन्यात, सिअ‍ॅटल येथे भरलेल्या अमेरिकन ज्योतिर्विद्या-संस्थेच्या अधिवेशनात, फ्युगेटने उभे राहून आपल्या चमूचे काम जाहीरपणे सांगितले. लेसर ताऱ्याच्या आधाराने सुधारलेल्या प्रतिमा सभेने प्रथमच पाहिल्या. 1982 सालच्या उन्हाळ्यात हॅपर, मॅक्स, फ्रीमन डायसन प्रभृतींनी सिद्ध केलेले विवेचन नियतकालिकात छापून आले ते 1994 साली, म्हणजे बारा वर्षांनी.

गुप्ततेमुळे ज्योतिःशास्त्राची दहा वर्षे वाया गेली असे सरसकट म्हटले जाते. ते मला पूर्णपणे पटत नाही. लष्कराने ओतलेल्या पैशाशिवाय लवचीक आरसे इतक्या लवकर झालेच नसते. आणि 1983 साली दार उघडे असते तरी वेधशाळांजवळ तेव्हा चांगले अवरक्त छायाग्राहक नव्हते. शिवाय युरोपीयांनी दार उघडण्याची वाट पाहिलीच नाही. 1989 च्या ऑक्टोबरात दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हाँस वेधशाळेत 1.52 मीटरच्या दुर्बिणीवर ‘कम-ऑन’ नावाची 19 दट्ट्यांची यंत्रणा चालली, आणि पुढच्याच वर्षी ती चिलीतील ला सिया येथे 3.6 मीटरच्या दुर्बिणीला जोडण्यात आली. या यंत्रणेने ताऱ्याची प्रतिमा गणिताने आखून दिलेल्या मर्यादेपर्यंत प्रथमच आणून पोचविली, आणि तीही अवघ्या 19 दट्ट्यांवर. याचे रहस्य अवरक्त प्रकाशात आहे. तरंगलांबी वाढली की हवेच्या सुरकुत्या तिच्या मानाने उथळ होतात. डोळ्यांच्या प्रकाशात जो सपाट तुकडा दहा सेंटिमीटरांचा, तोच 2.2 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात सुमारे साठ सेंटिमीटरांचा होतो. आठ मीटरच्या आरशाची पुरी भरपाई करावयाची तर पहिल्या प्रकाशात सहा हजारांहून अधिक दट्टे हवेत. दुसऱ्या प्रकाशात पावणेदोनशे-दोनशेंवर भागते. बॅबकॉकने दृश्य प्रकाशाचा विचार केला होता, म्हणून त्याला काम अशक्यप्राय वाटले. त्याच्या वारसांनी आधी सोपे दार ठोठावले.

आता, सुधारलेली प्रतिमा चांगली म्हणजे किती चांगली, हे सांगावे कसे? यासाठी ज्योतिर्विद कार्ल श्ट्रेल या जर्मन शिक्षकाने 1902 च्या सुमारास दिलेले एक प्रमाण वापरतात. निर्दोष दुर्बिणीत, हवा मुळीच नसती तर, ताऱ्याच्या ठिपक्याचे मधले शिखर जितके तेजस्वी झाले असते, त्याच्या किती हिस्सा प्रत्यक्ष ठिपक्याने गाठला, एवढेच हे प्रमाण. दशांश आठ मिळाले की प्रतिमा निर्दोष मानण्याची वहिवाट आहे. भरपाई न करता पालोमारसारख्या दुर्बिणीत दृश्य प्रकाशात हे प्रमाण शेकडा एकाहून पुष्कळच कमी भरते. चिलीत 2014 साली कार्यरत झालेल्या ‘स्फिअर’ या उपकरणाने तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत, अवरक्त प्रकाशात, ते शेकडा नव्वदपर्यंत नेले.

परंतु एका आकड्याने प्रतिमेची पारख होत नाही. अनुकूली प्रकाशिकीने सुधारलेला तारा मध्यभागी सुईच्या अग्रासारखा तीक्ष्ण असतो आणि भोवती न सुधारलेल्या प्रकाशाचे फिकट वलय पसरलेले असते. शिखर तीक्ष्ण आहे म्हणून सगळा प्रकाश तिथेच आहे असे समजून तेज मोजू गेल्यास हिशेब चुकतो. दुसरी गोष्ट अशी की, ज्या ताऱ्यावरून मोजमाप घेतले त्याच्यापासून जसजसे दूर जावे तसतशी भरपाई खोटी ठरू लागते, कारण तिकडचा प्रकाश हवेच्या निराळ्या वाटेने आलेला असतो. अशा चित्राच्या कडेचे तारे मार्गदर्शक ताऱ्याच्या दिशेने लांबट झालेले दिसतात. एकाहून अधिक लवचीक आरसे आणि अनेक मार्गदर्शक तारे वापरून हे क्षेत्र रुंद करता येते. 1988 साली सुचविलेली ही युक्ती 2007 मध्ये चिलीत प्रत्यक्ष आकाशावर वापरून पाहण्यात आली. लेसर ताऱ्याचीही एक गंमत आहे. झोत ज्या हवेतून वर जातो त्याच हवेतून त्याचा प्रकाश खाली येतो, म्हणून संपूर्ण प्रतिमा डावी-उजवीकडे किती सरकली हे त्यावरून कळतच नाही. तेवढ्यासाठी एक खरा तारा, मंद का होईना, शोधावाच लागतो. हवाई बेटांतील केक वेधशाळेत आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणींवर आज पिवळे झोत आकाशात चढताना दिसतात, त्यांनाही या खऱ्या ताऱ्याच्या मदतीतून सुटका नाही.

सर्वांत मोठा धोका म्हणजे खोट्या तपशिलाचा. दुर्बिणीतील अतिसूक्ष्म दोष ताऱ्याभोवती छोटे छोटे तेजस्वी कण निर्माण करतात, आणि ते हुबेहूब ग्रहांसारखे दिसतात. दुर्बिणीतील दोष दुर्बिणीबरोबर स्थिर राहतात, आकाश मात्र रात्रभर फिरते. तेव्हा उपकरणाला न फिरविता चित्रे घेत जावे, आणि जो कण आकाशाबरोबर फिरेल तोच खरा मानावा, अशी तोड यावर निघाली. 2008 साली क्रिस्तियान मारोआ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे 130 प्रकाशवर्षे दूर असलेल्या एचआर 8799 या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह या रीतीने टिपले. दोन वर्षांनी चौथाही सापडला.

या साऱ्या खटपटीचे सर्वांत मोठे फळ आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात मिळाले. धनू राशीच्या दिशेला, सुमारे 26 हजार प्रकाशवर्षे अंतरावर, धुळीच्या दाट पडद्याआड तारे दाटीवाटीने फिरत आहेत. धुळीतून दृश्य प्रकाश येत नाही, अवरक्त येतो. आणि अवरक्त म्हणजे लवचीक आरशाचे माहेर. म्यूनिकचा राइनहार्ड गेंत्सेल आणि लॉस एंजेलिसची आंद्रेया गेझ यांच्या दोन प्रतिस्पर्धी चमूंनी 1990 नंतर तिथल्या ताऱ्यांचा पाठलाग केला. प्रथम अतिजलद छायाचित्रे घेऊन आणि नंतर अनुकूली प्रकाशिकीने. त्यांपैकी एस-2 हा तारा एका अदृश्य बिंदूभोवती सोळा वर्षांत एक फेरी घालतो. ती सारी कक्षा आकाशात विकलेच्या सुमारे पाव भागात मावते. म्हणजे पालोमारच्या जुन्या छायाचित्रात, धूळ नसतीच असे धरले तरी, सोळा वर्षांची संपूर्ण प्रदक्षिणा ताऱ्याच्या एका पुसट ठिपक्याच्या पोटात गडप झाली असती.

2002 च्या वसंतात हा तारा त्या बिंदूच्या सर्वांत जवळून गेला. चिलीतील 8.2 मीटरच्या दुर्बिणीला त्याच्या आदल्याच वर्षी बसविलेल्या अनुकूली यंत्रणेने तो प्रसंग टिपला. अंतर होते अवघे 17 प्रकाश-तास आणि वेग सेकंदाला पाच हजार किलोमीटरांहून अधिक. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याला धरून ठेवणारी वस्तू सूर्याच्या सुमारे चाळीस लक्षपट वस्तुमानाची असली पाहिजे, आणि इतक्या थोड्या जागेत इतके वस्तुमान मावते ते कृष्णविवरातच. 2020 सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. उरलेला अर्धा कृष्णविवरांच्या गणितासाठी रॉजर पेनरोज यांना. बॅबकॉकला जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

दृश्य प्रकाशाचे अवघड दारही आता किलकिले झाले आहे. चिलीतील त्याच दुर्बिणींपैकी एकीला 1170 दट्ट्यांचा लवचीक आरसा आणि चार लेसर तारे मिळाले, आणि 2018 च्या उन्हाळ्यात तिने नेपच्यूनचे जे चित्र काढले ते हबल या अंतराळातील दुर्बिणीच्या चित्राहून अधिक रेखीव निघाले. हबलला हवेचा अडथळा नाही हे खरे, पण तिचा आरसा 2.4 मीटरचाच आहे.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. मोठ्या दुर्बिणीवरील एक रात्र मिळण्यासाठी ज्योतिर्विदांना महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि अशा यंत्रणेने एकेक तारा जुळविण्यातच रात्रीचा बराच भाग निघून जातो. यावर उपाय म्हणून पुण्याची आयुका ही संस्था आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ नावाची यंत्रणा बांधली. क्रिस्टोफ बॅरानेक आणि आयुकाचे ए. एन. रामप्रकाश हे तिचे प्रमुख रचनाकार. ती बसविली गेली पालोमार पर्वतावरच, पण पाच मीटरच्या नव्हे तर शेजारच्या दीड मीटरच्या दुर्बिणीला. लेसर सोडणे, तारा धरणे, आरसा जुळविणे, पुढच्या ताऱ्याकडे वळणे, सारे तिचे यंत्रच करते. माणसाने झोपावयास हरकत नाही. एका रात्रीत ती दोनशेंहून अधिक तारे पाहू शकत असे. केप्लर यानाने ज्यांच्याभोवती ग्रह असल्याचा संशय व्यक्त केला होता अशा 715 ताऱ्यांची तिने घेतलेली झडती 2014 साली प्रसिद्ध झाली. संशयित ताऱ्याच्या अगदी लगत दुसरा तारा लपलेला असेल, तर ग्रहाचा आकार चुकीचा निघतो. तो लपलेला शेजारी शोधण्याचे हे काम होते.

तिचा लेसर अतिनील रंगाचा होता. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विमानचालकांचे डोळे दिपण्याची भीती नाही आणि शिखरावर विमानांवर नजर ठेवणारे पहारेकरीही लागत नाहीत. उपग्रहांची गोष्ट मात्र निराळी. आकाशात लेसर सोडणाऱ्या अमेरिकेतील वेधशाळांना आपल्या लक्ष्यांची यादी काही दिवस आधी लष्कराच्या एका कचेरीकडे पाठवावी लागते, आणि कोणता उपग्रह कोणत्या क्षणी वाटेत येईल हे पाहून ती कचेरी झोत केव्हा बंद ठेवावा याच्या वेळा कळविते. कोणता उपग्रह, ते अर्थातच सांगत नाही. रोबो-एओ रात्रीत शेकडो तारे पाहणार आणि ते कोणते हे आयत्या वेळी ठरविणार. तिने यादी कशी द्यावी? तेव्हा तिच्या चालकांनी ताऱ्यांची यादी देणेच सोडले. त्यांनी आकाशाचे शेकडो चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनासाठी, प्रत्येक रात्रीसाठी, स्वतंत्र परवानगी मागून ठेवली. अर्ज भरण्यात आयुष्य गेलेल्या कोणाही माणसाला ही युक्ती ओळखीची वाटावी. परवानग्या येत, यंत्र त्या वाची, आणि नेमून दिलेल्या सेकंदांना आपल्या लेसरवर झडप टाकून, अनामिक उपग्रह निघून जाईपर्यंत थांबून राही.